बटनाची रुंदी

रतिलाल मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे सुलक्षणाने मनात अढी ठेवून लिहिलं असं पुढे कुणी म्हणायला नको. अढी आहेच. बारा वर्षांची आहे आणि आंब्याच्या अढीसारखी चांगली पिकलेली आहे.

माणूस धुळ्याचा, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यातलं. वय पंचावन्नच्या आसपास. जिनिंग मिलच्या वजनकाट्यांना जोडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करतो. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर अडकवलेला. बोलतो अहिराणी, आणि समोर कलेक्टर आला तरी अहिराणीच बोलेल. त्याला हसताना मी दोनदा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा तो मलाच हसत होता.

हा माणूस 'ओटा' चालवतो. ओटा ही एक वेबसाइट आहे. आपल्याकडे घरापुढच्या ओट्यावर कुणीही येऊन टेकतं, विचारावं लागत नाही. तसं इथे कुणीही आपला प्रोग्राम आणून ठेवावा. अट एकच, प्रोग्राम उघडा पाहिजे. तो कसा लिहिलाय हे कुणालाही वाचता यावं, उचलून नेता यावं, हवं तसं बदलता यावं. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. पूर्वी आम्ही आठ-दहा जण आमचे प्रोग्राम परदेशातल्या एका फुकट साइटवर ठेवायचो. ती एक दिवस महिनाभराची नोटीस लावून बंद झाली. आम्ही हळहळत बसलो. रतिलालने स्वतःची साइट काढली.

पाहा, इथे 'काढली' हा शब्द आला. तो लक्षात असू द्या.

आज ओट्यावर चारशेच्या वर प्रोग्राम आहेत. केळीला ठिबकने किती वेळ पाणी सोडायचं ते सांगणारा आहे, शाळेच्या हजेरीचा आहे, रतिलालचा वजनकाट्याचा तर आहेच. एवढा डोलारा तो एकटा सांभाळतो, फुकट सांभाळतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाचा अपमान करून सांभाळतो. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांनी मोठ्या हौसेने प्रोग्राम पाठवला, तर खाली रतिलालचा शेरा: "सर, हाई चालस हाऊ योगायोग शे." कुणी परवान्याचा कागद जोडायला विसरलं की लिहितो, "बेवारस पोर ओटावर ठेवू नका." लोक चिडतात, जातात, आणि आठ दिवसांनी चूक दुरुस्त करून परत येतात. जाणार कुठे?

माझंच घ्या. चाळीसगावला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर नव्या कॉम्प्युटरवर उघडला की सगळी गिचमीड दिसते. तो नीट करून देणारा प्रोग्राम मी स्वतः शिकून लिहिला. दोन वर्षं लागली. ओट्यावर पाठवला तेव्हा वाटलं, आता कौतुक होईल. पाच आठवडे उत्तर नाही. मग शेरा आला: "मॅडम, तुमना प्रोग्राममा कुऱ्हाड टाकी तं कुहाड निघनी. बऱ्हाणपूरनं बहाणपूर व्हयनं. दुरुस्त करा."

मला तो 'मॅडम' म्हणतो. त्यात मान नाही, आमच्याकडे तोंड वाकडं करून म्हणतात तसलं मॅडम आहे ते. आणि चीड कशाची आली सांगू? कुऱ्हाड खरंच चुकत होती. दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी दुरुस्ती केली, त्याने प्रोग्राम घेतला, आणि त्या दिवसापासून मी त्याच्या वाईटावर टपून बसले.

पुढे ओट्याचा व्याप वाढला तसे आम्ही सातजण मदतीला लागलो. साइटवरची बटनं आणि सूचना मुळात रतिलालने अहिराणीत लिहिलेल्या. शाळा-कचेऱ्यांतल्या लोकांना लिखित अहिराणी वाचताना अडखळायला होतं, म्हणून मराठीतल्या सूचना मी लिहायच्या असं ठरलं. ज्याला जी भाषा हवी ती त्याने निवडावी. वर्षातून एकदा आम्ही पारोळ्याला बाजार समितीजवळच्या एका खोलीत जमतो, कारण ते सगळ्यांनाच मध्ये पडतं. चार वर्षांपूर्वी त्या खोलीत बटनाचं भांडण झालं.

रतिलालच्या अहिराणीत, आपला प्रोग्राम ओट्यावरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा तर बटन होतं 'बठ्ठं काढा', म्हणजे सगळं काढा. कायमचा पुसून टाकायचा तर 'फेकी द्या'. मराठीत मी उतरवण्यासाठी 'उतरवा' लिहिलं. पुसण्यासाठी मला लिहायचं होतं 'कायमचं काढून टाका'. ते बटनात मावेना. बटनाची रुंदी अठ्ठ्याऐंशी ठिपके, आणि ती रतिलालच्या हातात. मी म्हटलं, "रतिलालभाऊ, चाळीस ठिपके वाढवा."

"वाढाडात तं मोबाइलवर बटन खाले पडस. शब्द आखूड करा, मॅडम."

कुणीतरी 'पुसा' सुचवलं. मी म्हटलं, अर्ध्या गावांत पुसा म्हणजे विचारा. रतिलाल म्हणाला, 'फेका' लिहा. मी म्हटलं, फेकाफेकी तुमच्याकडे, माझ्याकडे नको. वातावरण तापलं, चहा आला, चहा गार झाला. शेवटी मी रागारागाने तिथेच बसून टाइप केलं: 'सगळं काढा'. बरोब्बर मावलं.

रतिलालने वाकून पाहिलं. "मनाकडे काढा म्हनजे घरी लई जा. तुमनाकडे काढा म्हनजे मारी टाका. कोनी चुकनं तं?"

"तुमचं 'काढा'च मुळात चूक आहे," मी म्हटलं.

"घरमाईन कापूस काढतस, तो काय उकिरडावर फेकतस? आनि नुसतं काढा लिखी ऱ्हायनात, लोक इचारतीन, तुळशीना का अडुळसाना?"

सगळे हसले. मी म्हटलं, "मग बटन रुंद करा."

"नही."

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला पक्कं माहीत होतं की हे धोक्याचं आहे. एकाच साइटवर एकच शब्द दोन उलट्या अर्थांनी राहणार होता. पण मी हिशेब केला, की चार लोक गोंधळतील, तक्रार करतील, आणि रतिलाल झक मारत बटन रुंद करील. लोकांनी तक्रार केलीच नाही. अहिराणीवाले अहिराणीच वापरत राहिले, मराठीवाले मराठी. तीन वर्षं तो शब्द तसाच पडून राहिला, आणि आम्ही दोघंही रोज त्याच्यावरून ये-जा करत होतो.

आता समाधानचं सांगते. शिंदखेड्याजवळच्या एका गावात तो झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे. वडील नाहीत, घरात तो आणि आई, धुरपदाबाई. सत्तरीची बाई, शेत राखणारी, अख्ख्या गल्लीला तोंडाने ताब्यात ठेवणारी. तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत समाधानने शाळेला रजा टाकली आणि आईला समोर बसवून तिच्या तोंडचे शब्द मोबाइलवर भरून घेतले. पाणी, चहा, ऊन, दार लाव, इकडे ये. शेजारपाजाऱ्यांची नावं. शिव्यासुद्धा, कारण त्याच्या मते शिव्यांबिगर मायचं बोलणं अर्धंच राहिलं असतं. एकूण अकराशे चाळीस शब्द झाले. मग त्याने एक प्रोग्राम लिहिला. मोबाइलवर चित्रांच्या चौकटी दिसतात, चित्राला बोट लावलं की तो शब्द धुरपदाबाईंच्या आवाजात येतो. एकामागून एक लावले की वाक्य होतं. पहिल्याच चौकटीत समाधानचा फोटो होता. त्याला बोट लावलं की आवाज यायचा, "समाधान!" अंगणातून हाक मारावी तसा, शेवटचा 'न' लांबवलेला.

हा प्रोग्राम, आवाजांसकट, त्याने ओट्यावर ठेवला. आणखी कुणाच्या आईला लागला तर न्यावा, म्हणून. मी वाट पाहत होते की रतिलाल आता काय विष ओकतो. त्याने त्याच दिवशी प्रोग्राम घेतला आणि खाली दोनच शब्द लिहिले, "ठेवी लिधं." माझ्या दोन वर्षांच्या कामाला पाच आठवडे आणि कुऱ्हाड! मी त्यावरही जळले, हेही सांगून टाकते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत धुरपदाबाईंचा मोबाइल गुरांच्या हौदात पडला आणि गेला. भरून घेतलेले मूळ आवाजही त्याच मोबाइलमध्ये होते, दुसरी प्रत घरात नव्हती. समाधानने नवा आणला. प्रोग्राम ओट्यावर होताच, तिथून उतरवून घेतला की झालं. तो शुक्रवार होता. घरी तो ओटा अहिराणीत वापरायचा, पण त्या दिवशी शाळेच्या कॉम्प्युटरवर बसला, आणि तिथे साइट मराठीत उघडली. त्याला 'बठ्ठं काढा' ओळखीचं होतं. समोर दिसलं 'सगळं काढा'. त्याने दाबलं.

तिथे मी लिहिलेला प्रश्न येतो: 'खरंच सगळं काढायचं?' व्याकरणात चूक काढून दाखवावी कुणी. समाधानने 'हो' दाबलं. 'सगळं काढलं,' असं उत्तर आलं. तो प्रोग्राम खाली उतरायची वाट पाहत बसला. शाळा सुटेपर्यंत बसला होता. मग त्याने पान परत उघडलं, तर तिथे एकच ओळ: 'इथे काही नाही.'

पुढे त्याने फोनवर हे मला सांगितलं तेव्हा तो मला दोष देत नव्हता. 'ताई, मनंच चुकनं,' म्हणत होता. भीतीने त्याने दोन दिवस कुणाला कळवलंच नव्हतं. आईला सांगितलं, मोबाइल दुरुस्तीला दिलाय. ती बाई दोन दिवस टाळ्या वाजवून त्याला बोलवत होती.

सर्व्हरवर आदल्या दिवसाचीच प्रत राहते. दोन दिवसांत तिच्यावर पाणी फिरलं होतं. राहता राहिली रतिलालची एक खोड. दर रविवारी तो सगळा ओटा एका हार्ड डिस्कवर घेतो, एसटीने पारोळ्याला बहिणीकडे, शेवंताबाईंकडे, नेऊन डाळीच्या डब्याशेजारी ठेवतो, आणि तिथे ठेवलेली आधीची डिस्क परत आणतो. "एक घरमा दोन कॉप्या म्हनजे एकच कॉपी," असं त्याचं म्हणणं. बहिणीकडे वरणबट्टी खायचं निमित्त, अशी मी भर बैठकीत त्याची टिंगल केली होती.

त्या रविवारी पारोळ्याला गेलेल्या डिस्कमध्ये समाधानचं पान आधीच रिकामं होतं. परत आणलेल्या डिस्कमध्ये सगळं होतं. पण सोमवारी सकाळी रतिलाल ती पुढच्या रविवारसाठी पुसायला लावतो. त्याचा नियमच आहे तो. समाधानचा फोन आला तेव्हा पुसणं सुरू होऊन काही मिनिटं झाली होती. रतिलालने वायर उपटली.

मग त्याने मला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मॅडम, डिस्कमाईन आवाज निघी ऱ्हायनात. पन नावं गयात. नुसता आवाज शेत, कोनता शब्द कोनता ते मशीनले म्हाईत नही. एकेक ऐकीसन लिखनं पडी. दोन माणसं लागतीन. एक मी. शब्द तुमना, तं दुसरं माणूस तुम्ही."

दुकानाला कुलूप लावून मी धुळ्याला गेले. दोन दिवस, सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत, त्याच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसले. मी ऐकायचे आणि लिहायचे, मग तो ऐकायचा आणि माझं लिहिलेलं खोडायचा. "लोटा नही, ओटा. कान धवा, मॅडम." मी पुढचा आवाज लावायचे. माझ्या कानात एक बाई शांतपणे सांगत होती, पानी, भाकर, दुखस, आठे बस, म्हणजे इथे बस. समाधानने प्रत्येक शब्द नीट कापून ठेवला होता, पुढेमागे श्वासही नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मला वाटायला लागलं की मी या बाईच्या घरात लहानाची मोठी झालेय, आणि मीच तिचा गळा दाबलाय.

अकराशे एकवीस शब्द मिळाले. एकोणीस गेले. समाधानने यादी पाठवली होती, तिच्याशी रतिलालने ताळा केला आणि गेलेल्या शब्दांवर पेनाने गोल केले. वाटाणा, उद्या, चिमटा, असलेच बहुतेक. सगळ्यात वर, पहिल्याच ओळीत गोल होता 'समाधान'वर.

आम्ही सगळे आवाज पुन्हा ऐकले, एखाद्या दुसऱ्या शब्दाच्या मागे तिने मुलाला हाक मारलेली सापडते का म्हणून. इतकं नीट कापलेलं होतं, की कुठेच नाही. मी म्हटलं, "कसं सांगायचं त्याला?" रतिलालने डिस्क फडक्यात गुंडाळली.

गुरुवारी आम्ही दोघं एसटीने समाधानच्या गावी गेलो. वाटेत मी मनात वाक्य जुळवत होते: अक्का, तो शब्द मी लिहिला, रतिलालभाऊंनी मला सांगितलं होतं की चूक होईल, तरी मी तसाच ठेवला. दहा वेळा घोकलं.

धुरपदाबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या, गळ्याला पांढरं फडकं. मोबाइल पाहून त्यांचा चेहरा असा फुलला, की मला मान वर करवेना. त्यांनी पदराला बोट पुसलं आणि पहिल्या चौकटीला, मुलाच्या फोटोला लावलं.

आवाज आला नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं, आणि पुन्हा लावलं. मग जोरात दाबून पाहिलं, जुनं बटन अडकलं की दाबतात तसं.

"ऱ्हाऊ दे माय," समाधान म्हणाला. "तेवढा एक गया. मी आठेच शे ना."

 मग त्यांचं बोट खाली सरकलं, आणि त्यांच्या स्वतःच्या ठणठणीत आवाजात एकेक शब्द बाहेर पडला.

"कोनी. करं. हाई."

मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. शप्पथ, होतं.

"मी, अक्का," रतिलाल म्हणाला. "तो 'काढा' शब्द मना शे."

धुरपदाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग एक चौकट शोधली आणि दाबली. "मुडदा." पुन्हा दाबली. "मुडदा." तिसऱ्यांदा दाबताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. रतिलाल मान खाली घालून, हात बांधून उभा होता. ज्याने आयुष्यात कुणाचं एक अक्षर ऐकून घेतलं नाही तो.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाई. चहा. पी." समाधानने चहा आणला. मी प्यायले. सगळा प्यायले, आणि बोलले काही नाही.

परतीच्या एसटीत मी त्याला विचारलं, "भाऊ, असं का केलंत? शब्द माझा होता."

खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "तुमले झेपतं नही, मॅडम. माले सवय शे."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून ओट्यावर गेले. बटन एकशे अठ्ठावीस ठिपक्यांचं झालं होतं. शब्द त्याने तसाच ठेवला होता. तो मी बदलायचा होता. मी टाइप केलं, 'कायमचं काढून टाका'. नीट मावलं. मोबाइलवरही पाहिलं, बटन कुठेही खाली पडलं नाही. त्याच्या अहिराणीतलं 'बठ्ठं काढा' आजही तसंच आहे, आणि त्यावरून आमचं आजही भांडण चालू आहे.

धुरपदाबाईंना मी अजून खरं सांगितलेलं नाही. शिंदखेड्याची गाडी रोज आहे, माझे पाय उचलत नाहीत. त्या अकराशे एकवीस शब्दांतला 'मुडदा' माझ्या नावाचा होता, मीच हेडफोन लावून तो ओळखला होता, माझ्याच हाताने लिहून ठेवला होता. तो रतिलालने परस्पर घेऊन टाकला. आवडत नाही मला तो माणूस.